सहावीच्या वर्गातील ऑलिंपस

अमेरिकेतील मिडल स्कूलमध्ये, म्हणजे अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या सहावी ते आठवीच्या वर्गांत, ग्रीक पुराणकथा दोन दारांनी येतात. पहिले दार इतिहासाचे. कॅलिफोर्निया राज्याने १९९८ मध्ये इतिहास व समाजशास्त्राचा जो आराखडा मंजूर केला, त्यात सहावीचे वर्ष प्राचीन संस्कृतींना दिले आहे. मेसोपोटेमिया, इजिप्त, हिब्रू लोक, ग्रीस, भारत, चीन आणि रोम असा तो प्रवास आहे. ग्रीसच्या प्रकरणात पुराणकथांचे त्या लोकांच्या रोजच्या जगण्यातील स्थान आणि आजच्या भाषा-साहित्यात उरलेल्या त्यांच्या खुणा शिकवणे अपेक्षित आहे. दुसरे दार इंग्रजीच्या तासाचे. बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० च्या ‘कॉमन कोअर’ अभ्यासक्रमात चौथीच्या मुलाला पुराणातील पात्रांवरून आलेल्या शब्दांचा अर्थ लावता यावा असे म्हटले आहे, तर आठवीच्या मुलाने आजची एखादी कादंबरी जुन्या पुराणकथेतून काय उचलते आणि त्याचे नवे काय करते, हे सांगायचे आहे.

कागदावर पाहिले तर पुराणकथा पुराणकथेसाठी कोणीच शिकवत नाही. इतिहासाच्या शिक्षकाला ती समाज समजून घेण्याचे साधन वाटते, भाषेच्या शिक्षकाला शब्दसंग्रहाचे आणि संदर्भांचे. मुले मात्र एकडोळ्या राक्षसासाठी आणि सापांच्या केसांसाठी कान टवकारून बसतात, आणि अनुभवी शिक्षक त्यांना तिथूनच धरतात.

या पाठाचा नेहमीचा क्रम ठरून गेलेला आहे. आधी वंशावळ: आदिम पोकळी, तिच्यानंतर पृथ्वी गाया, तिच्यापासून आकाश युरेनस, मग पोटची पोरे गिळणारा क्रोनस आणि त्याला पदच्युत करणारा झ्यूस. मग बारा ऑलिंपियन देवांचा तक्ता, त्यात ग्रीक नाव, रोमन नाव, खाते आणि चिन्ह. मग पर्सियस, थिसियस, हेराक्लीस हे वीर. शेवटी प्रकल्प. कोणी एखाद्या देवाचे निवडणूक-पत्रक काढतो, कोणी झ्यूसवर खटला भरतो, कोणी स्वतःला एखाद्या देवाचे अपत्य कल्पून साहसकथा लिहितो. मुलांना यात मजा येते, हे खरेच आहे.

पण तक्ता थोडा खोटे बोलतो. ॲफ्रोडाइटीच्या नावापुढे ‘आईवडील’ अशी एक चौकट असते आणि तिच्यात एकच उत्तर मावते. हेसिअडच्या काव्यात ती समुद्राच्या फेसातून जन्मते आणि नात्याने झ्यूसच्याही आधीच्या पिढीची ठरते. होमरच्या इलियडमध्ये ती झ्यूस आणि डायोनी यांची मुलगी आहे. हिफेस्टस होमरकडे झ्यूस-हेराचा मुलगा आहे. हेसिअडकडे हेराने त्याला रागाच्या भरात, नवऱ्याशिवाय, एकटीने जन्म दिला. बाराव्या जागेवर हेस्टिया बसते की डायोनायसस, यावरही प्राचीन याद्या जुळत नाहीत. ग्रीकांना बायबलसारखा एक प्रमाणग्रंथ नव्हता, ठरावीक पाठ राखणारा पुरोहितवर्गही नव्हता. कथा गावोगाव, कवीगणिक बदलत गेल्या. सहावीच्या मुलाला ‘बरोबर उत्तर’ कोणते ते सांगायचे, की दोन्ही उत्तरे त्याच्यासमोर ठेवून फरक का पडला असेल ते विचारायचे, हा या विषयाच्या अध्यापनातील कळीचा प्रश्न आहे. तक्ता पाठ करून घेणाऱ्या वर्गात परीक्षा सोपी जाते, पण पुराणकथा म्हणजे काय ते कळायचे राहून जाते.

खुद्द ग्रीसमध्ये या कथा मुलांच्या पदरी लवकर पडतात. तेथील प्राथमिक शाळेत तिसरीचा इतिहास दीर्घकाळ पुराणकथांपासूनच सुरू होत आला आहे: देवांची लढाई, हेराक्लीस, थिसियस, सोनेरी लोकरीच्या शोधात निघालेले वीर, ट्रॉयचे युद्ध. इतिहासाच्या पुस्तकात आधी देव आणि मग माणसे, हा क्रम बाहेरच्याला चमत्कारिक वाटतो. ग्रीक मुलाला तो गावाकडच्या डोंगरांची ओळख करून घेण्यासारखा असतो, कारण ऑलिंपस हा त्याच्या देशाच्या नकाशावरचा खरोखरचा पर्वत आहे, २,९१७ मीटर उंचीचा. पुढे बाराव्या-तेराव्या वर्षी, जिम्नासियो नावाच्या तीन वर्षांच्या माध्यमिक टप्प्यात, पहिल्या वर्षी ओडिसी आणि दुसऱ्या वर्षी इलियड येते, तीही आधुनिक ग्रीक भाषांतरात. तिथे पाठ्यवस्तू एका कवीचे सलग काव्य असते, त्यामुळे कोणाची गोष्ट वाचत आहोत हे मुलांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

होमर मुलांना शिकवण्याची प्रथा तर अडीच हजार वर्षांहून जुनी. प्राचीन ग्रीक जगात अक्षरे गिरवून झाली की मुलगा होमरच्या ओळींकडे वळे. इजिप्तच्या वाळूत टिकून राहिलेल्या पपायरसांवर आणि लाकडी पाट्यांवर शाळकरी हातांनी उतरवलेल्या होमरच्या ओळी सापडल्या आहेत आणि त्यांत इलियडचा वाटा ओडिसीपेक्षा बराच मोठा आहे.

तेव्हाही पालकांची काळजी होतीच, आणि तिला सर्वांत धारदार शब्द दिले ते प्लेटोने. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात सॉक्रेटिसचे म्हणणे असे आहे की क्रोनसने बापाचे आणि झ्यूसने क्रोनसचे काय केले त्या गोष्टी, अगदी खऱ्या असल्या तरी, पोरासोरांना सांगू नयेत. सांगणे भागच पडले तर थोड्याच लोकांना, गुप्तपणे आणि बळी देऊन सांगाव्यात. हा बळी डुकरासारखा सहज मिळणारा नको, मोठा आणि दुर्मिळ हवा, म्हणजे ऐकणारे आपोआप कमी होतील. त्याचे कारणही रोखठोक आहे. एखाद्या गोष्टीत रूपक दडलेले असेल, पण लहान मुलाला रूपक आणि वास्तव वेगळे करता येत नाही, आणि त्या वयात मनावर उमटलेले पुसता येत नाही. आज शाळेच्या मुख्याध्यापकांकडे येणारी पालकांची पत्रे यापेक्षा फारसे वेगळे काही सांगत नसतात, फक्त त्यांत बळीचा उल्लेख नसतो.

प्लेटोचे कोणी ऐकले नाही. उलट पुढच्या शतकांत वक्तृत्वाच्या शिक्षकांनी या कथांवरच सराव बेतला. चौथ्या शतकातील अफ्थोनिअसच्या पाठ्यपुस्तकात एका स्वाध्यायात डाफ्नीची कथा अशक्य आहे असे सिद्ध करून दाखवले आहे: नदी आणि पृथ्वी यांना मुलगी कशी होईल, झाली तर ती कुठे वाढेल? लगेच पुढच्या स्वाध्यायात तीच कथा संभाव्य असल्याचे तितक्याच हिरिरीने मांडले आहे. आणखी एका स्वाध्यायात सारी मुले मारली गेल्यावर नायोबी काय बोलली असती, ते तिच्या तोंडून लिहिले आहे. ‘मेडुसाची रोजनिशी लिहा’ किंवा ‘झ्यूसवर आरोपपत्र ठेवा’ हे आजचे कल्पक प्रकल्प मुळात सोळाशे वर्षांपूर्वीचे आहेत. अफ्थोनिअसची रीत त्यांहून कडकही होती, कारण तिथे एकाच विद्यार्थ्याने दोन्ही बाजू लढवायच्या होत्या.

आजच्या इंग्रजी वर्गात पोहोचणाऱ्या कथांचे रूप मात्र ग्रीसमध्ये घडलेले नाही. ते मोठ्या प्रमाणावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घडले, आणि त्यातही मॅसॅच्युसेट्समध्ये. बॉस्टनच्या एका बँकेत कारकुनी करणाऱ्या टॉमस बुलफिंचने १८५५ मध्ये ‘द एज ऑफ फेबल’ लिहिले. लॅटिन-ग्रीक न शिकलेल्या वाचकाला इंग्रजी कवितेतील संदर्भ कळावेत, हा त्याचा उद्देश. त्याआधी, १८५१ च्या अखेरीस, नथानिएल हॉथॉर्नचे ‘अ वंडर बुक’ आले आणि १८५३ मध्ये ‘टँगलवुड टेल्स’. इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्जलीला हॉथॉर्नचा ढंग रुचला नाही. त्याने १८५६ मध्ये ‘द हीरोज’मध्ये पर्सियस, थिसियस आणि आर्गो जहाजाचे वीर गंभीर, धर्मोपदेशकी सुरात सांगितले. पण मुलांच्या मनात रुतला तो हॉथॉर्नच.

मायडस राजाची गोष्ट घ्या. हात लागेल ते सोने होते, घास सोन्याचा होतो, आणि शेवटी लाडकी लेक बापाला मिठी मारते आणि सोन्याची पुतळी होते. ही गोष्ट जगभर याच रूपात सांगितली जाते, आपल्याकडच्या मुलांच्या पुस्तकांतही. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’च्या अकराव्या सर्गात मुलगी नाहीच. तिथे राजा फांदी तोडतो, ढेकूळ उचलतो, कणीस खुडतो आणि सारे सोन्याचे होते. पाव दाताखाली कडक धातू होतो, पाणी घालून प्यायला घेतलेली वाइन घशात वितळलेल्या सोन्यासारखी उतरते. भुकेने कासावीस झालेला राजा देवाची क्षमा मागतो, पॅक्टोलस नदीच्या उगमापाशी अंघोळ करतो आणि ते वरदान नदीच्या वाळूत उतरते. लिडियातील ती नदी खरोखरच सोन्याच्या कणांसाठी प्रसिद्ध होती, म्हणजे कथा एका ठिकाणचे नवल उलगडत होती. मुलगी घातली हॉथॉर्नने, आणि ती चोरून घातली नाही. कथेच्या पहिल्याच परिच्छेदात त्याचा निवेदक सांगून टाकतो की ही पोर त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही आणि तिचे ‘मेरीगोल्ड’ हे नावही त्यानेच ठेवले आहे. पुढच्या पुस्तकांनी मुलगी ठेवली आणि तेवढा कबुलीजबाब गाळला.

विसाव्या शतकातील दोन पुस्तकांनी वर्गाला वेगळे वळण दिले. एडिथ हॅमिल्टन बाल्टिमोरमधील एका मुलींच्या शाळेच्या पंचवीसेक वर्षे प्रमुख होत्या. निवृत्तीनंतर वीस वर्षांनी, १९४२ मध्ये, त्यांचे ‘मिथॉलॉजी’ आले. कथेच्या आरंभी ती कोणत्या कवीवरून घेतली आहे आणि दुसऱ्यांनी ती कशी सांगितली, याची छोटी टीप देण्याची त्यांची पद्धत आहे. मुले त्या टिपा सहसा ओलांडून पुढे जातात. शिक्षकाने तसे होऊ देऊ नये, कारण त्या पुस्तकातील सर्वांत शिकवण्याजोगा भाग तोच आहे. दुसरे पुस्तक १९६२ चे, इन्ग्री आणि एडगर पॅरिन दोलेर या चित्रकार दांपत्याचे. दगडी शिळेवरून छापायच्या चित्रांच्या तंत्रात त्यांचा हात बसलेला होता. ठसठशीत, किंचित ओबडधोबड अशा त्यांच्या देवदेवतांवर अमेरिकेतील दोन-तीन पिढ्या वाढल्या.

तिसरे वळण खऱ्या अर्थाने वर्गातूनच आले. रिक रायर्डन हे पंधरा वर्षे मिडल स्कूलमध्ये इंग्रजी आणि इतिहास शिकवत होते. त्यांच्या मुलाला लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास आणि वाचन-अक्षमता असल्याचे निदान झाले होते. दुसरीत असताना त्याला शाळेत ग्रीक कथांनी तेवढी गोडी लावली आणि तो झोपताना बापाकडे त्याच मागू लागला. माहीत असलेल्या संपल्यावर रायर्डन यांना सहावीच्या मुलांना दिलेला एक प्रकल्प आठवला: कोणत्याही देवाचे अपत्य असलेला आपला वीर निर्माण करा. त्यातून पर्सी जॅक्सन जन्मला. ‘द लाइटनिंग थीफ’ २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बारा वर्षांचा पर्सी सहावीतच आहे. त्याला इंग्रजी अक्षरे नाचताना दिसतात ती त्याचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला असल्यामुळे, आणि त्याचा लॅटिनचा शिक्षक खरा तर अर्धा घोडा असलेला कायरॉन आहे. ऑलिंपस आता न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ६०० व्या मजल्यावर आहे. आठवीसाठी सांगितलेली जुन्या-नव्याची तुलना करायला याहून सोयीचे पुस्तक मिळणे कठीण. न्यूयॉर्क राज्याने तयार करून घेतलेल्या सहावीच्या इंग्रजीच्या पाठमालेत ते थेट पाठ्यपुस्तक म्हणून आले. अडचण एवढीच की आता काही मुले वर्गात येतानाच हेडीसचे शिरस्त्राण आणि पोसायडनचे पोरगे यांविषयी शिक्षकापेक्षा जास्त जाणतात, पण रायर्डनचे कोणते आणि हेसिअडचे कोणते हे त्यांना सांगता येत नाही. ते वेगळे काढायला लावणे हा एक उत्तम तास होऊ शकतो.

दोन पाठ शेजारी ठेवून शिकवणे कसे चालते, हे पर्सेफनीच्या कथेत नीट दिसते. बहुतेक पुस्तकांत ती ‘हिवाळा का येतो’ या मथळ्याखाली असते: हेडीस मुलीला पाताळात नेतो, आई डीमीटर शोक करते, पिके करपतात, मुलगी डाळिंबाचे सहा दाणे खाते म्हणून सहा महिने खाली राहते. हे सहा दाणे हॉथॉर्नच्या गोष्टीतले आहेत. त्याच्याकडे प्रॉसर्पिना (पर्सेफनीचे रोमन नाव) एक लहान पोर आहे आणि प्लूटो, म्हणजे हेडीस, एकाकी राजा, ज्याची तिला थोडी कीवही येते. ओव्हिडकडे ती बागेत हिंडताना स्वतःच डाळिंब तोडते आणि सात दाणे खाते. एक जण ते पाहतो आणि चुगली करतो. वर्ष तिथेही निम्मे-निम्मे वाटले जाते. सर्वांत जुना सविस्तर पाठ होमरच्या नावावर असलेल्या डीमीटरच्या स्तोत्रातला. जवळजवळ पाचशे ओळींचे हे काव्य एकाच हस्तलिखितामुळे वाचले, आणि ते १७७७ मध्ये मॉस्कोत सापडले. त्यात दाणा एक आहे आणि मुलगी वर्षाचा तिसरा हिस्सा खाली राहते.

हे स्तोत्र बारा वर्षांच्या मुलांना भाषांतरात वाचता येते, आणि त्यात तक्त्यात न मावणारे खूप काही आहे. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्यावाचून फिरते. म्हातारीचा वेष घेऊन एल्युसिसच्या विहिरीपाशी बसते. पाण्याला आलेल्या राजकन्या तिला घरी नेतात आणि धाकट्या भावाला सांभाळायला देतात. त्याला अमर करण्यासाठी ती रात्री विस्तवात धरते, एके रात्री मुलाची आई ते पाहून किंचाळते, आणि बेत फसतो. शेवटी माणसे उपाशी मरतील आणि देवांचे नैवेद्य बंद होतील, या धाकाने झ्यूसला नमते घ्यावे लागते. मुलीला न्यायची परवानगी मुळात त्यानेच दिलेली असते, आणि हे कळल्यावर वर्गात गलका होतो. डाळिंबाच्या प्रसंगी तर एकाच काव्यात दोन जबान्या आहेत. कवी म्हणतो, हेडीसने दाणा गुपचूप खायला दिला. मुलगी आईला सांगते, त्याने बळजबरीने खायला लावला. मुलीने तो शब्द का घातला असेल, असा प्रश्न टाकला की आठवीची मुलेही तासभर भांडतात.

‘हिवाळा का येतो’ हा मथळाही तपासून पाहावा. ग्रीसमध्ये गहू-जव पहिल्या पावसानंतर शरदात पेरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कापतात, आपल्या रब्बीसारखेच. हिवाळ्यात शेत हिरवे असते आणि रखरखीत, उजाड असतो तो उन्हाळा. म्हणून काही अभ्यासकांच्या मते पर्सेफनीचे पाताळात जाणे म्हणजे कापणीनंतर बियाणे जमिनीखालच्या कोठारात जाणे. स्तोत्रात मात्र ती फुलांच्या वसंतात परतते असे स्वच्छ म्हटले आहे, त्यामुळे वाद मिटलेला नाही. हिवाळ्यात बर्फाने झाकल्या जाणाऱ्या न्यू इंग्लंडच्या मुलांना मथळ्यातला अर्थ आपसूक पटतो, एवढे खरे.

आता कात्रीचा प्रश्न. या कथांत अपहरण आहे, बळजबरी आहे, बापाने पोरे खाणे आहे. शाळकरी पुस्तके झ्यूसच्या साऱ्या प्रकरणांना ‘लग्न’ म्हणून मोकळी होतात. विज्ञानाच्या तासाला हे अंगाशी येते. गुरूच्या (इंग्रजीत ज्युपिटर, म्हणजे रोमन झ्यूसच्या) चार मोठ्या चंद्रांची नावे आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो का, असे कोणी विचारले तर ती सारी झ्यूसने भुलवलेली किंवा पळवलेली माणसे आहेत, हे सांगावे लागते. (नासाने २०११ मध्ये गुरूकडे पाठवलेल्या यानाचे नाव ज्युनो, म्हणजे त्याची बायको. नवऱ्याच्या ढगांच्या आवरणाआड पाहणारी.)

कापण्याचा तोटा हेराक्लीसच्या कथेत सर्वांत जास्त होतो. डिस्नेच्या १९९७ च्या चित्रपटात हेरा त्याची प्रेमळ आई आहे. प्राचीन कथांत ती त्याची हाडवैरी. अपोलोडोरसच्या संग्रहात तिने लादलेल्या वेडाच्या भरात तो स्वतःची मुले मारतो आणि बारा कामगिऱ्या हे त्याचे प्रायश्चित्त असते. युरिपिडिसच्या नाटकात हत्या कामगिऱ्यांनंतर येते आणि कथेचा अर्थच फिरतो. हत्या गाळली की उरते ती बारा जनावरांची आणि अवघड कामांची यादी. सहावीत ती कशी सांगायची याला ठरावीक उत्तर नाही, पण एक वाक्य तरी सांगितल्याशिवाय कथा उभी राहत नाही.

मेडुसाचेही तसेच. हेसिअडकडे ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एक, त्यांतली एकटी मर्त्य. ओव्हिडने तिला एक सुंदर मुलगी केले, समुद्रदेवाने मंदिरात तिच्यावर अत्याचार केला, आणि शिक्षा त्या मंदिराच्या देवीने तिलाच दिली. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत पर्सियसचे मुंडके हातात धरलेल्या मेडुसाचा पुतळा बसवला गेला, तो या ओव्हिडच्या मेडुसाचा. आठवीत हे मोकळेपणाने बोलता येते, सहावीत जपून. ओव्हिडमधील असे भाग वर्गात कसे हाताळावेत, यावर २०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातही मोठा वाद झाला होता, आणि तिथली मुले तर सज्ञान होती.

अमेरिकी सरकारी शाळेत ग्रीक देव इतके निर्धास्त वावरतात याला कायद्याचीही बाजू आहे. १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळेतील भक्तिभावाचे बायबल-वाचन बंद केले, पण धर्माविषयी इतिहास-साहित्य म्हणून शिकवण्यास मुभा ठेवली. झ्यूसच्या बाबतीत ही रेघ कोणी तपासत नाही, कारण तक्रार करायला भक्त नाहीत. (ग्रीसमध्ये आहेत. मूठभर असले तरी त्यांच्या पंथाला २०१७ मध्ये सरकारी मान्यता मिळाली.) त्याच सहावीच्या पुस्तकात काही पानांनंतर भारत येतो, आणि तिथले देव हजारो घरांत रोज पुजले जातात. कॅलिफोर्नियात २००५-०६ मध्ये हिंदू संघटनांनी या प्रकरणांत दुरुस्त्या सुचवल्या, काही प्राध्यापकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले. वाद मुख्यतः जातिव्यवस्था, स्त्रियांचे स्थान आणि आर्य यांवर होता, पण मुळाशी प्रश्न हाच की एका प्रकरणात ‘कथा’ आणि दुसऱ्यात ‘श्रद्धा’ हे कोणी ठरवायचे. रविवारी मराठी शाळेत जाणाऱ्या आणि सोमवारी बारा ऑलिंपियन पाठ करणाऱ्या मुलांना हा प्रश्न आपोआप पडतो. शिक्षक शहाणा असेल तर तो वर्गाला या मुलांकडून शिकू देतो: एकाच गोष्टीचे दहा पाठ असतात आणि तरी ती घरोघर खरी असते, हे रामायण ऐकत वाढलेल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

मुंबईशी या विषयाचा एक धागा जुळतो तो उलट दिशेने. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवरची एक प्रश्नमंजूषा पाहताना मुलांना ऑलिंपसच्या देवांची नावे येत होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, ही हकिकत अनंत पै सांगत असत. त्यातून मुंबईच्या इंडिया बुक हाउसतर्फे त्यांची ‘अमर चित्र कथा’ ही चित्रकथांची मालिका निघाली आणि पुढे मराठीतही आली. गंमत अशी की तिनेही तेच केले जे हॉथॉर्नने केले होते: अनेक पाठांतून एक निवडला, टोकदार भाग गाळला आणि दोन पिढ्यांसाठी तोच मूळ पाठ ठरला.

अमेरिकेत आठवीनंतरचा टप्पा बहुधा नववीत येतो, आणि तिथे बहुतेक वेळा ओडिसी असते, तीही निवडक. पाठ्यपुस्तके मुख्यतः नवव्या ते बाराव्या सर्गातील सायक्लॉप्स, सर्सी आणि सायरन यांची साहसे उचलतात. ही साहसे होमर स्वतः सांगत नाही. फिएशियन राजाच्या दरबारात, जेवणानंतर, जहाजाची अपेक्षा असलेला ओडिसियस ती सांगतो, आणि त्या वेळी त्याच्या सोबत्यांपैकी दुजोरा द्यायला एकही जण जिवंत नसतो.